बहुमत आमच्याकडे मुक्कामाला

लोणावळ्यात माणसं हवा खायला येतात. आमच्या हॉटेलात मात्र अधूनमधून असेही पाहुणे येत, ज्यांना बाहेरची हवा लागू नये म्हणून इथे आणलेलं असे. मी कुसगावचाच. हॉटेल ज्या जमिनीवर उभं राहिलं, तिच्या पलीकडच्या बांधाला आमची भातखाचरं होती. वेटर म्हणून लागलो आणि मॅनेजर म्हणून यंदा निवृत्त झालो. मधल्या बढत्यांचा पाढा वाचत नाही. पर्यटकांबद्दलही मी काही नवं सांगावं असं उरलेलं नाही. ते शनिवारी येतात, भजी खातात, जाताना टॉवेल नेतात. मला सांगायचं आहे ते नगरसेवकांबद्दल.

तुम्ही-आम्ही मत देतो, बोटाला शाई लावून घेतो, गल्लीत गुलाल उधळला जातो आणि आपल्याला वाटतं, संपली निवडणूक. नगरपालिकेत नगराध्यक्ष लोकच थेट निवडतात, त्यामुळे तिथे बरंचसं खरंच संपलेलं असतं. महानगरपालिकेचं तसं नाही. तिथे महापौर निवडतात ते निवडून आलेले नगरसेवक, सभागृहात हात वर करून. निकाल लागल्यापासून तो हात वर होईपर्यंत जे दिवस जातात, ते आमच्या धंद्याचे. बहुमत काठावरचं असलं की नेत्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मग तो आपली सगळी माणसं एका बसमध्ये घालतो आणि घाटाच्या तोंडाशी आणून ठेवतो. पेपरात त्याला 'अज्ञात स्थळ' म्हणतात. म्हणजे माझी निम्मी नोकरी अज्ञात स्थळी झाली म्हणायची.

या कामाची एक पद्धत ठरलेली होती. बुकिंग कधी खऱ्या नावाने होत नसे. योगशिबिर, औषध विक्रेत्यांचं प्रशिक्षण, साखरपुडा, काहीही. पाहुणे आले की त्यांचे मोबाईल गोळा व्हायचे आणि रिसेप्शनमागच्या पोलादी कपाटात जायचे. रस्त्याकडच्या खोल्या द्यायच्या नाहीत. गेट बंद, आणि गेटाशी आमच्या वॉचमनच्या जोडीला नेत्याचे दोन दणकट कार्यकर्ते. कुणी विचारलंच, तर सगळे स्वखुशीने आले आहेत. आणि लँडलाइनवर कुणाचाही फोन आला, अगदी बायकोचा आला, तरी एकच वाक्य बोलायचं, 'असं कुणी आमच्याकडे उतरलेलं नाही.' हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय, की घरी कुणी मला हाक मारली तरी तेच तोंडात यायचं.

गेल्या हंगामात तर कहर झाला. कित्येक शहरांत वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होते. मग राज्यभरातल्या नगरपालिका आणि महानगरपालिका अशा सगळ्यांच्या निवडणुका एकापाठोपाठ लागल्या आणि लग्नसराईत होत नाही अशी झुंबड आमच्याकडे उडाली. कुठल्या शहराचं कोण, हे आम्हाला कळत नसे आणि आम्ही विचारतही नसू. त्यातूनच एक फजिती झाली. एक योगशिबिर डाव्या इमारतीत उतरलं होतं आणि एक साखरपुडा उजव्या. सकाळी नाश्त्याला दोन्हीकडची मंडळी इडलीच्या टेबलाशी एकदम आली आणि जागच्या जागी थिजली. दोन्ही गट एकाच शहरातले होते, एकमेकांपासून लपवण्यासाठी आणलेले! दोन्ही नेत्यांचे चेहरे पांढरेफटक पडले. पण योगशिबिरातले एक पोक्त गृहस्थ साखरपुड्यातल्या एकांचे व्याही निघाले. 'अहो, तुम्ही इकडे कुठे?' असं म्हणत दोघे गळ्यात पडले आणि सांबार थंड होईपर्यंत नातवाच्या मुंजीचं बोलत बसले. नेते मात्र हातात रिकाम्या बशा घेऊन कोण कुणाशी काय बोलतंय ते मोजत होते. दुपारच्या आत दोन्ही गटांनी हॉटेल बदललं. मालक मला म्हणाले, 'तुम्हाला एवढं कळायला नको होतं का?' मी काय सांगणार? सगळ्यांची खोटी नावं मीच लिहून घेतली होती, खरं मलाच कुठे ठाऊक होतं?

इतकी वर्षं पाहून एक गोष्ट मात्र मला कळायला लागली होती. कोण फुटणार ते जेवणावरून ओळखता येतं. भाजीत मीठ कमी आहे म्हणून आचाऱ्याला बोलावून झापणारा माणूस फुटत नाही. त्याला निदान इथलं काहीतरी हवं असतं. ज्याला सगळंच उत्तम लागतं, जो खाली मान घालून जेवतो आणि 'वा, मस्त' म्हणून उठतो, त्याच्याकडे लक्ष ठेवावं. त्याचं मन ताटात नसतं. हे मी कुठल्याही नेत्याला कधी सांगितलं नाही. ते माझं काम नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. शहराचं नाव सांगत नाही. जुनी सवय. इथून गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. तिथले एक नेते होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. महापौरपद महिलेसाठी राखीव निघालं होतं आणि अण्णांनी नगरसेविका झालेल्या आपल्या सूनबाईंचं नाव पुढे केलं होतं. बहुमत होतं, पण जेमतेम एकाचं. अण्णा सगळ्यांना घेऊन आमच्याकडे आले. त्यात त्यांचे सख्खे मेहुणे होते, पक्षाचे बाकी नगरसेवक होते, आणि सुनंदाताई होत्या.

सुनंदाताई अपक्ष. शहरात त्यांची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनीच चालवली, त्याच गल्लीतून त्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही पक्षांना धूळ चारून निवडून आल्या. अण्णांनी त्यांच्या भागातल्या पाण्याच्या लाइनचं काम आधी करायचं कबूल केलं, तेव्हा त्यांनी पाठिंब्याचा शब्द दिला. बाई फार बोलत नसत. पण पहिल्याच दिवशी पोळी पुढ्यात आली तेव्हा तिचा तुकडा मोडून मला म्हणाल्या, 'साहेब, तुमचा गव्हाचा व्यापारी फसवतोय तुम्हाला. जुना गहू आहे.' मी मनात म्हटलं, या बाईची अण्णांनी काळजी करायचं कारण नाही. मेहुण्यांना मात्र तीच पोळी फार मऊ वाटली.

अण्णांना नेमकी उलटी काळजी होती. 'अपक्षाचा काय भरवसा?' असं ते चार माणसांत बोलायचे, ताईंना ऐकू जाईल असं. मेहुण्यांच्या खांद्यावर हात टाकून फिरायचे.

महापौराच्या निवडीला दोन दिवस राहिले होते. सकाळी लँडलाइन वाजली, मीच उचलली. एका मुलीचा आवाज होता, दम लागलेला.

'तिथं सुनंदा म्हणून कुणी आहेत का? माझी आई आहे.'

'असं कुणी आमच्याकडे उतरलेलं नाही,' मी म्हटलं. तोंड आपोआप बोललं.

ती म्हणाली, 'सगळेच असं म्हणतात. लोणावळ्याला नेलंय एवढंच कळलंय, म्हणून मी पहाटेपासून तिथल्या एकेका हॉटेलाला फोन करत्येय. बरं, नसेल तर नसू दे. पण असलीच, तर तिला एवढंच सांगा, की मला कळा सुरू झाल्यात आणि मी दवाखान्यात निघाले. घाबरू नको म्हणावं.'

फोन ठेवला आणि मी तिथेच उभा राहिलो. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरगी सासरहून आईकडे आली होती आणि आई माझ्या गेटाच्या आत होती. मोबाईल माझ्या कपाटात वाजून वाजून थकला असणार. मला स्वतःला दोन मुली आहेत. मला त्या क्षणी स्वतःची, त्या कपाटाची आणि त्या वाक्याची शिसारी आली.

आमच्या हाऊसकीपिंगला वलवणच्या हौसाबाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या शेजारीच पायपुसणी झटकत होत्या, त्यांनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं.

'सायेब, काय झालं वो?'

मी सांगितलं. त्यांनी पायपुसणं खाली टाकलं.

'आन् तुमी हितं हुबं का ऱ्हायलाय? म्हस व्याया झाली तरी तिचं दावं सैल करत्यात. ही तर आई हाय. जावा, सांगा तिला. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगते. मला काय कुनी नगरसेवक करनार न्हाई.'

मी जाऊन सांगितलं. ताई बागेतल्या बाकावर बसल्या होत्या. ऐकून त्यांनी पदर खोचला आणि सरळ अण्णांच्या खोलीकडे चालू लागल्या. मी मागोमाग.

अण्णांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. म्हणाले, 'ताई, शहरातला सगळ्यात मोठा डॉक्टर उभा करतो. माझी बायको जाऊन बसेल तिच्याजवळ. पण तुम्ही हितनं हलायचं नाही. तिकडं ते लोक टपून बसलेत.'

'अण्णा, तिला डॉक्टर नको, मी पाहिजे.'

'एका मतावर सगळं आहे, ताई.'

'मत माझ्याजवळ आहे. ते कुठं जात नाही. मला जाऊ द्या.'

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं मी काहीतरी अडचण सांगेन, गाडी नाही म्हणेन. तसं म्हणणं सोपं होतं, आणि मालकांनाही तेच आवडलं असतं. पण हॉटेलात नोकरी करणाऱ्या माणसाला पाहुण्याला विचारायचा एक साधा प्रश्न शिकवलेला असतो. तो मी विचारला.

'ताई, गाडी लावू का?'

खोलीत दोन-चार नगरसेवक जमले होते, ते एकमेकांकडे पाहू लागले. आता सगळ्यांसमोर 'नाही' म्हटलं तर स्वखुशीने आलेत ही गोष्ट तिथेच संपत होती, हे अण्णांना कळलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

'माझी माणसं सोबत पाठवली तर वाटेत तीच कुणीतरी फोडायची. तुम्ही जा, साहेब. तुम्ही कुणाचेच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ताईंना परत आणायचं. तुमच्या शब्दावर सोडतो.'

शेजारणीला भांडं उसनं देताना बजावतात, तसं ते बोलत होते. मी हो म्हटलं. तसं म्हणायला नको होतं. कुणाला परत आणणं माझ्या हातात होतं?

वाटेत ताई मुलीला फोन लावत राहिल्या. मोबाईल हातात आला होता, पण मुलगी उचलत नव्हती. एकदा म्हणाल्या, 'गिरणीला सुट्टी द्यायची नाही म्हणून तिच्या जन्माच्या दिवशीही मी दुपारपर्यंत दळण करत होते. या वेळी मात्र ठरवलं होतं, महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. आणि हे निवडणुकीचं झेंगट आलं.'

दिवस मावळायच्या आत पोहोचलो. दवाखान्याच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर थर्मास आणि डबा. ताईंना पाहून त्या उठल्या. त्या समोरच्या गटाच्या नगरसेविका होत्या आणि ताईंच्या शेजारच्या गल्लीत राहायच्या. मुलगी एकटी रिक्षाची वाट पाहत उभी दिसली, म्हणून त्यांनीच आपल्या गाडीतून तिला आणलं होतं आणि सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या.

'मुलगी झाली, सुनंदा,' त्या म्हणाल्या. 'थोडाच वेळ झाला. दोघी छान आहेत. जा आत.'

ताई आत गेल्या. मी त्या बाईंच्या शेजारी बसलो. त्यांनी मला चहा दिला. 'अण्णांकडचे का तुम्ही?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'नाही, हॉटेलचा.' त्या हसल्या. 'आमचे लोक म्हणत होते, आत्ता बोल तिच्याशी, आत्ता ऐकेल. काय बोलू? पोर ओरडत होती आत.' आणि त्यांनी खरंच मताचा विषय काढला नाही. पण न काढलेला विषयसुद्धा तिथे बाकावर आमच्या मध्ये बसून होता. ताई बाहेर आल्या, त्या बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडल्या. मला वाटलं, गेलं अण्णांचं महापौरपद. आणि खरं सांगू? त्यात मला गैर काही वाटलं नाही. उपकाराला किंमत नसेल तर कशाला असावी?

मी एका लॉजवर राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बाहेर आल्या. चेहरा ओढलेला, हाताला तेल.

'साहेब, मी येत नाही.'

'ताई, मी शब्द दिलाय.'

'तुम्ही माझ्या वतीनं शब्द कसा दिलात? माझा मी दिलाय, तो वेगळा. अण्णांना सांगा, उद्या मी घरून थेट सभेला येते. ज्यांनी पोरीला आणलं त्यांचं मी जन्मभर करीन, त्यांच्या घरचं दळण करीन, रात्री-अपरात्री धावून जाईन. पण मत आधीच कबूल केलंय. ते दोनदा कसं देऊ?'

मी रिकामी गाडी घेऊन परत निघालो. इतका थकवा मला सीझनच्या गर्दीतही कधी आला नव्हता. येताना ताईंच्या जागेवर त्यांनी बळेबळे दिलेली पिठाची पिशवी होती, नव्या गव्हाची.

अण्णांनी गाडीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. 'किती दिले समोरच्यांनी तुम्हाला?' एवढंच म्हणाले. मालकांचा फोन आला, तेही नको ते बोलले. मी ताईंचा निरोप शब्द न गाळता सांगितला. अण्णा म्हणाले, 'असं सगळेच म्हणतात.' मेहुणे जवळच उभे होते. त्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला, 'जाऊ द्या दाजी, आम्ही आहोत ना,' म्हणाले आणि जेवायला गेले. जेवण फार छान झाल्याचंही त्यांनी आचाऱ्याला आवर्जून सांगितलं.

निवडीच्या दिवशी सकाळीच बस निघाली. तळेगावच्या अलीकडे मेहुण्यांच्या छातीत दुखू लागलं. बस थांबवली, त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. त्यांच्याजवळ कुणीतरी हवं, म्हणून त्यांचा एक जिवलग दोस्त, तोही नगरसेवकच, मागे राहिला. बाकीचे पुढे गेले. मेहुण्यांच्या बायकोलाही तिकीट हवं होतं, ते अण्णांनी सुनेला दिलं, आणि आता महापौरपदालाही तिचंच नाव पुढे केल्यापासून त्या घरात चूल धड पेटत नव्हती, हे मला नंतर कळलं. दुपारी मतदान आटोपलं तसं त्यांचं दुखणंही आटोपलं.

मी लॉबीत टीव्हीसमोर उभा होतो. हौसाबाई मागे. कॅमेरा सभागृहावरून फिरत होता. अण्णांच्या बाजूने हात वर झाले, आणि त्यात अगदी कडेला सुनंदाताई होत्या. साधी साडी, डोळ्यांखाली काळं. हात सरळ वर. दोन ओळी पलीकडे दवाखान्यात भेटलेल्या त्या शेजारच्या बाई बसल्या होत्या, त्यांचा हात खाली. एका मताने अण्णांची सूनबाई पडली.

'बाईनं दिलं की वो मत!' हौसाबाई म्हणाल्या. 'मग हारले कशे?'

मी त्यांना मेहुण्यांच्या छातीबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, 'म्हंजे कुलूप लावलं हुतं त्यो पळाला, आन् उघड्यावरची जाग्याला ऱ्हायली व्हय?' आणि केर काढायला निघून गेल्या.

दोन दिवसांनी अण्णा एकटेच आले. मेहुण्यांचं सामान खोलीत राहिलं होतं, ते न्यायला. एवढ्या कामाला खरं तर ड्रायव्हर पुरला असता. लॉबीतल्या सोफ्यावर बसले, पाणी प्यायले. चार दिवसांत म्हातारे झाले होते. माझी माफी वगैरे मागितली नाही, तशी ती माणसं मागत नसतात. म्हणाले, 'अडीच वर्षांनी पुन्हा महापौराची निवड आहे. खोल्या आत्ताच धरून ठेवा.'

मी म्हटलं, 'अण्णा, मी तोवर निवृत्त झालेला असेन.'

'मग तुमच्या जागी येईल त्याला सांगून ठेवा. तेवढ्याच खोल्या, तसंच गेट. मेहुण्याला माझ्याच खोलीत टाका.'

मी कागद घेऊन लिहू लागलो. सवयीने सगळ्या खोल्यांचा आकडा लिहिला. अण्णांनी वाकून पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन थांबवलं.

'एक खोली कमी करा,' ते म्हणाले. 'सुनंदाताई घरून येतील.'